ओगासावारा ते आंग्रिया : एका जहाजाची दोन आयुष्ये

२० ऑक्टोबर २०१८ रोजी मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या ‘आंग्रिया’ क्रूझचे थाटात उद्घाटन झाले. बातम्यांमध्ये तिचा तरणतलाव, रेस्तराँ आणि बार गाजले. कान्होजी आंग्रेंचे नाव सांगणारे हे जहाज मात्र नवे नव्हते. त्याची एकोणीस वर्षे जपानमध्ये, अगदी वेगळ्या कामात गेली होती.

तिकडे त्याचे नाव होते ‘ओगासावारा मारू’. टोकियोच्या दक्षिणेला सुमारे एक हजार किलोमीटरवर ओगासावारा बेटे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ती अमेरिकेच्या ताब्यात होती. १९६८ मध्ये जपानला परत मिळाली. जेमतेम अडीच हजारांची वस्ती आणि विमानतळ नाही. त्यामुळे जहाज हाच एकमेव रस्ता. १९९७ मध्ये १३१ मीटर लांबीची, हजाराहून अधिक प्रवासी नेणारी ही बोट या मार्गावर आली. एका बाजूचा प्रवास साडेपंचवीस तासांचा. स्वस्त वर्गातले प्रवासी मोठ्या दालनात जमिनीवरच अंथरुण टाकून झोपत.

बेटावरचा आठवडा वारांवर नव्हे, जहाजाच्या वेळापत्रकावर चाले. ते आले की दुकानांत भाजीपाला आणि टपाल कार्यालयात पत्रे येत. शिकायला जाणारी मुले, बदली झालेले शिक्षक, सगळे त्यानेच जात. ते निघाले की बेटकरी आपल्या छोट्या होड्या घेऊन मागे धावत आणि ‘जाऊन या’ म्हणत समुद्रात उड्या मारत. ही प्रथा आजही आहे.

या बोटीला निवृत्त करायची वेळ मध्येच आली होती. २००५ च्या सुमारास तिच्या जागी एक अतिवेगवान जहाज तयार झाले. पण इंधनाचे दर भडकले, खर्च झेपेना आणि ते जहाज या मार्गावर कधी धावलेच नाही. जुनी बोटच राबत राहिली. २०१६ मध्ये मोठे, अधिक वेगवान नवे जहाज आले, तेव्हा कुठे तिला सुट्टी मिळाली. नव्याचे नावही ‘ओगासावारा मारू’च. जहाज बदलले, सेवा थांबली नाही.

इथेच आपला इतिहास आठवतो. मुंबई-गोवा हा बोटींचा जुना मार्ग. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत पणजीला पोचे. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ ही नावे आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. सत्तरच्या दशकात या बोटी मोगल लाईनने चालवल्या. हाजींना जेद्दाला नेणारी हीच कंपनी. गिरणीतला चाकरमानी, कोळी, माहेरवाशीण, बोटीवर नोकरी धरायला निघालेला कोकणी मुसलमान, सगळे एकाच डेकवर वळकटी पसरत. पुढे रस्ते सुधारले, एसटी वाढली आणि ऐंशीच्या दशकाअखेर ही सेवा बंद पडली. कोकण रेल्वे पूर्ण सुरू व्हायला १९९८ उजाडले. मधल्या बंदरांना पर्याय मिळण्याआधीच बोट गेली होती.

सुमारे तीस वर्षांनी त्याच पाण्यात जहाज परतले, ते सफर म्हणून. दुपारी निघून सकाळी गोव्यात. तिकीट हजारोंच्या घरात. मौजेला विरोध असण्याचे कारण नाही. जुन्या जहाजाला नवे काम मिळाले हेही चांगलेच. २०२० च्या मार्चमध्ये कोविडने देशभरातल्या क्रूझ थांबल्या, तेव्हा सुट्टीचे बेत तेवढे रद्द झाले. ओगासावाराला मात्र बोट हवीच होती.

एका समाजाने हे जहाज गरज म्हणून जपले आणि थकल्यावर तिथे दुसरे उभे केले. आपण गरजेची बोट बंद केली आणि त्याच मार्गावर त्यांनी मोकळे केलेले जहाज मौजेसाठी आणले. सातशे वीस किलोमीटरचा किनारा असलेल्या महाराष्ट्राने प्रश्न विचारायला हवा तो एवढाच : जयगडच्या, मुसाकाजीच्या माणसाची बोट कुठे आहे?