आयईएलटीएस गुणांकन

इंग्रजीतील प्रावीण्य ० ते ९ बँडांत मोजण्याची, परदेशी शिक्षण व स्थलांतरासाठी ग्राह्य पद्धत. १९८० च्या ईएलटीएस या परीक्षेतून १९८९ मध्ये आयईएलटीएस ही परीक्षा आजच्या नावाने आली. टक्केवारीत वाढलेल्या लातूर-नांदेडच्या विद्यार्थ्याला (पहा : लातूर पॅटर्न) बँड ७ म्हणजे सत्तर टक्के वाटतो, प्रत्यक्षात बँड ही पातळी आहे, टक्का नव्हे. श्रवणात ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर आली की ७ मिळतो. श्रवण, वाचन, लेखन, संभाषण यांची सरासरी जवळच्या अर्ध्या बँडला नेतात, ६.२५ चे ६.५ होतात. लेखनात परीक्षकाची मर्जी चालते, हा आक्षेप अर्धाच खरा : माणूसच तपासतो, पण चार ठरलेल्या निकषांवर, व्याकरण त्यांतला एकच. बोर्डात तारणारा पाठ केलेला निबंध येथे उलट गुण घटवतो (पहा : भाषा-चाचणी).