पडद्याआडचें देशगीत

पनवेलीहून गोव्याच्या सडकेला लागलें कीं थोड्याच वेळांत शिरढोण येतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं ह्याच गांवीं झाला. इंग्रजी राज्याविरुद्ध त्यांनीं शस्त्र उचललें, १८७९ सालीं ते पकडले गेले, जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडन येथें कैदेंतच त्यांचा अंत झाला. सरकारच्या दृष्टीनें ह्यांत नवल कांहींच नव्हतें. नवल पुढें तीस वर्षांनीं घडलें. जून १९०९ मध्यें नाशिकच्या एका गृहस्थांना हीच शिक्षा झाली, आणि त्यांचा अपराध कविता छापून प्रसिद्ध करण्याचा होता!

हे गृहस्थ म्हणजे गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर. ‘लघु अभिनव भारत माला’ ह्या त्यांनीं काढलेल्या पुस्तिकेंत नाशिकचे कवि गोविंद यांचीं पद्यें होतीं. वरवर पाहणारास तेथें देवादिकांचीं व शिवाजीमहाराजांसारख्या वीरांचीं स्तोत्रेंच दिसावींत. आरोप मात्र राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचा!

जुन्या वीराच्या मुखानें आजचें बोलावयाचें, ही युक्ति कांहीं एकट्या आमच्या कवींची नव्हे. स्कॉटलंडचा कवि रॉबर्ट बर्न्स हा सरकारच्या अबकारी खात्यांत नोकर होता. १७९२ सालच्या अखेरीस त्याच्या राजनिष्ठेची चौकशीहि होऊन गेली होती. पुढच्याच वर्षीं, ऑगस्टमध्यें, टॉमस म्यूर ह्या वकिलाला राजद्रोहाबद्दल चौदा वर्षें हद्दपार करण्याची शिक्षा एडिंबरोस ठोठावण्यांत आली. त्याच सुमारास बर्न्सनें एक रणगीत रचलें. गीतांत बोलतो तो रॉबर्ट ब्रूस, आणि प्रसंग १३१४ सालच्या बॅनकबर्नच्या लढाईचा. आपलें गीत तितक्याच जुन्या झगड्याचें नाहीं, असें बर्न्सनें पत्रांत सूचितहि केलें. मे १७९४ मध्यें तें लंडनच्या एका वर्तमानपत्रांत आलें, तें मात्र कवीच्या नांवाशिवाय.

पडदा दोघांनींहि घेतला. परंतु पडद्याआडचा देश एकाच प्रकारचा नव्हता. बर्न्सचा ब्रूस स्कॉटलंडचा. तोच बर्न्स १७९५ सालीं फ्रेंचांच्या भीतीनें उभारलेल्या स्वयंसेवक दलांत शिरला आणि ब्रिटनच्या रक्षणाचें गीत लिहिता झाला. एका हृदयांत दोन देश, आणि त्यांची सांगड त्याला, मला वाटतें, अखेरपर्यंत नीट घालतां आली नाहीं. आमच्याकडे भाषा मराठी, वीर मराठा, पण मालेच्या नांवांत मात्र भारत! महाराष्ट्राचा अभिमान आणि हिंदभूमीची भक्ति ह्यांत निवड करण्याची पाळीच ह्या कवीवर आली नाहीं.

हायकोर्टांत अपील चाललें, तेव्हां निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ति नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थनासमाजाचे पुढारी, आणि १९०० सालच्या लाहोरच्या राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष! त्यांना मराठी काव्याची खूण पटवून देण्यास कोणा दुभाष्याची गरज नव्हती. देव आणि वीर हें निमित्त असून रोख चालू राज्यावर आहे, असाच अर्थ कोर्टानें लावला आणि नोव्हेंबरांत शिक्षा कायम केली. शिक्षेची क्रूरता बाजूला ठेविली, तर कवितेचें रसग्रहण ह्याहून अचूक कोणत्या टीकाकारानें केलें असतें?

२१ डिसेंबरला नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेऱ्यांनीं वध केला. बाबारावांचा खटला चालविण्यास त्यांनींच पाठविला होता. हे जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी होते.

बाबाराव अंदमानांत गेले. पायांनीं अधू असलेले गोविंद नाशिकलाच राहिले, आणि १९२६ सालीं वारले.