घोंगडीचे सोवळे झाले

आमच्या घरी पूजेचा मुगटा वेगळ्या खुंटीवर टांगलेला असे. लहानपणी त्याला हात लागला की आजोबांचा धपाटा ठरलेला! वस्त्रालाही पावित्र्य असते, हे मी अक्षरओळखीच्या आधीच शिकलो. पुढे एका नाताळात वसईच्या चर्चमध्ये सोनेरी वेलबुट्टीचा शुभ्र झगा ल्यालेले फादर वेदीपाशी उभे पाहिले आणि तो मुगटाच आठवला. हे वस्त्र आले कुठून, याचा शोध घेऊ लागलो, तो चकितच झालो.

वाचकहो, हा झगा मुळात देवाचा नव्हेच! प्राचीन रोममधील वाटसरू आणि शिपाई थंडीपावसात जाड लोकरीचे पांघरूण डोक्यावरून घालीत. त्याचे नाव ‘पेन्युला’. आपली घोंगडीच म्हणा ना! माणूस तिच्यात घरात शिरावा तसा शिरे. म्हणून पुढे ‘कासुला’, म्हणजे छोटेसे घर, असेही नाव पडले. पुढे तिला प्रतिष्ठा आली. इ. स. ३८२ मध्ये सिनेटरांना शहरात लष्करी झगा वर्ज्य करून हीच वापरण्याचा कायदा झाला. आतला पायघोळ अंगरखाही तेथील लोकांचा नित्याचाच.

धर्मगुरूंना त्या काळी वेगळा वेष नव्हता. इ. स. ४२८ मध्ये गॉल प्रांतातील काही बिशप निराळा पोशाख करू लागले, तेव्हा पोप सेलेस्टीन यांनी पत्र धाडून त्यांना खडसावले. आपण लोकांहून वेगळे दिसावे ते ज्ञानाने आणि आचरणाने, कपड्यांनी नव्हे, असा त्याचा आशय.

मग घडले काय? रोमचे साम्राज्य ढासळले, लोक आखूड कपडे घालू लागले; वेदीपाशी मात्र जुनाच वेष राहिला. बदलले ते जग! लोकरीचे रेशीम झाले, सणावारांप्रमाणे पांढरा, तांबडा, हिरवा असे रंग ठरले. पुढे त्यावरून तंटेही झाले. इंग्लंडात जॉन हूपर यांनी १५५० मध्ये बिशपची वस्त्रे नाकारली. त्यापायी त्यांना तुरुंग पाहावा लागला. अखेर ती लेवूनच १५५१ मध्ये त्यांना दीक्षा घ्यावी लागली.

आजोबा गेले. मुगटा आता माझ्या ट्रंकेत आहे. यंदा लक्ष्मीपूजनाला तो नेसेन म्हणतो. फक्त नेसताना सेलेस्टीनचे ते पत्र आठवेल, आणि जरा अवघडल्यासारखे होईल.