मानवकेंद्री अभिकल्प, औद्योगिक कार्यस्थळातील

यंत्रे, उपकरणे, कामाची जागा, कामाचे वाटप आणि कार्यपद्धती यांची आखणी करताना, ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या व्यक्तीची शारीरिक क्षमता, आकलन, भाषा, सवयी व गरजा यांना आरंभस्थान मानणाऱ्या पद्धतीस मानवकेंद्री अभिकल्प म्हणतात. काम चालू असताना त्याचे निरीक्षण करणे, अडचणीचे मूळ शोधणे, साध्या नमुन्याच्या रूपाने उपाय सुचविणे, तो काम करणाऱ्याच्या हाती देऊन तपासणे व त्यानुसार त्यात फेरफार करणे, हे तिचे प्रमुख टप्पे होत. कारखान्यातील नवीनता केवळ नव्या यंत्रातून येत नसून यंत्र व माणूस यांच्यातील संबंध नव्याने जुळविण्यातूनही येते, हे या पद्धतीचे मूळ गृहीत आहे. पालघर जिल्ह्यातील (1 ऑगस्ट 2014 पूर्वी ठाणे जिल्हा) बोईसर–तारापूर परिसरात अणुविद्युत् केंद्र व रासायनिक कारखाने शेजारी असल्यामुळे या विचाराची आवश्यकता व त्याच्या मर्यादा या दोहोंचा तेथे चांगला अभ्यास करता येतो.

ऐतिहासिक आढावा : फ्रेडरिक टेलर यांच्या 1911 मधील वैज्ञानिक व्यवस्थापनाच्या सिद्धांताने कामाचे बारीक तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्याची सर्वोत्तम रीत ठरविण्याचा अधिकार कामगाराकडून काढून तज्ञाकडे दिला. उत्पादन वाढले, परंतु कामगाराचे अनुभवजन्य ज्ञान हिशोबाबाहेर गेले. दुसऱ्या महायुद्धात विमानचालकांच्या चुकांचा अभ्यास करताना असे दिसून आले की, अनेक चुकांचे कारण चालकाचा निष्काळजीपणा नसून उपकरणांची गोंधळात टाकणारी मांडणी हे होते. या अनुभवातून मानवी अभियांत्रिकी ही शाखा विकसित झाली. ब्रिटनमध्ये 1949 साली तिच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 1951 मध्ये एरिक ट्रिस्ट व केन बॅमफोर्थ यांनी ब्रिटिश कोळसा खाणींच्या अभ्यासातून असे दाखविले की, नवे तंत्र आणताना कामगारांची जुनी गटरचना मोडली, तर अपेक्षित लाभ पदरात पडत नाही. नॉर्वे व स्वीडन या देशांत 1970 नंतरच्या दशकात कामगार संघटना संगणकप्रणालींच्या आखणीत प्रत्यक्ष सहभागी झाल्या. मानवकेंद्री अभिकल्पाचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम 1999 साली प्रसिद्ध झाले.

भारतातील वाटचाल : भारतातील एक आरंभीचा प्रयोग 1953 साली अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये झाला. तेथे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन व कापडाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे सुधारला नव्हता. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांच्या निदर्शनास असे आले की, मागांवरील कामे परस्परावलंबी असली, तरी कामगारांचा एकसंध गट अस्तित्वात नव्हता. ठराविक मागांची पूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, ही कल्पना कामगारांनी तत्परतेने उचलली आणि तिला प्रत्यक्ष रूप दिले. यंत्र तेच राहिले. बदलली ती कामाची रचना. 1958 मध्ये चार्ल्स व रे ईम्स यांनी भारत सरकारला सादर केलेल्या अहवालात साध्या लोट्याचे उदाहरण घेऊन वापरणाऱ्याच्या अंगाने वस्तूचा विचार कसा करावा, हे विशद केले. त्यानंतर 1961 साली अहमदाबाद येथे राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि 1969 साली पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. कामगारांच्या शरीरक्रियांवर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास मुंबईतील शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत होत आला आहे.

तारापूर अणुविद्युत् केंद्र : पवईचे केंद्र सुरू झाले त्याच वर्षी, 28 ऑक्टोबर 1969 रोजी, तारापूर येथील उकळत्या पाण्याच्या दोन विक्रियकांपासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. 1963 च्या भारत-अमेरिका करारानुसार ते उभारण्यात आले होते. त्यांची आखणी 1960 नंतरच्या दशकातील असल्यामुळे काही यंत्रणा दोन्ही संचांना सामाईक होत्या. आरंभीच्या वर्षांत इंधनदांड्यांतील गळतीमुळे देखभालीच्या जागी किरणोत्सर्ग वाढला. एकाच व्यक्तीवर मर्यादेपेक्षा अधिक मात्रा पडू नये म्हणून थोड्या अवधीचे काम अनेकांत विभागून द्यावे लागे. झडपेपर्यंत पोहोचण्यास, ती उघडण्यास व परतण्यास किती वेळ लागतो, हा प्रश्न अशा ठिकाणी सोयीचा राहत नाही. तो आरोग्याचा होतो. वाट अरुंद असल्यास किंवा हत्यार हातात नीट बसत नसल्यास वाढणारे प्रत्येक मिनिट कामगाराच्या शरीराच्या खाती जमा होते.

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे झालेल्या अपघाताने नियंत्रण कक्षाच्या मांडणीकडे जगाचे लक्ष वेधले. तेथील एक झडप उघडीच अडकली होती. परंतु फलकावरील दिवा झडपेची खरी स्थिती दाखवीत नसून बंद करण्याचा संकेत पाठविला गेला एवढेच दर्शवीत होता. एकाच वेळी शंभराहून अधिक धोकासूचना चालू झाल्या आणि त्यांतील महत्त्वाची कोणती, हे चालकांना कळेना. शीतक पाणी बाहेर जात असताना त्यांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठा कमी केला. चालकांची चूक होती खरी. तथापि चुकीकडे नेणारी मांडणी, अपुरे प्रशिक्षण व सदोष कार्यपद्धती यांवरही चौकशी आयोगाने बोट ठेवले. तारापूरचे विक्रियक निराळ्या प्रकारचे असले, तरी हा धडा सर्वांना लागू होता. 2005–06 मध्ये तारापूरचे जुने संच बंद ठेवून सुधारणा करण्यात आल्या. त्यांत सामाईक यंत्रणांची संचनिहाय विभागणी व पूरक नियंत्रण कक्षाची उभारणी यांचा समावेश होता. मुख्य कक्ष वापरण्यायोग्य न राहिल्यास कर्मचाऱ्यांनी कोठून काम करावे, या मानवी प्रश्नाचे ते अभियांत्रिकी उत्तर होय. याच सुमारास 540 मेगॅवॉट क्षमतेचे दोन नवे संच कार्यान्वित झाले (2005 व 2006). त्यांच्यासाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना स्थलांतर करावे लागले. अभिकल्पातील 'माणूस' हा केवळ कुंपणाच्या आतला कर्मचारी मानून चालत नाही, याचे हे स्मरण होय.

औद्योगिक क्षेत्र : महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना 1962) बोईसर येथील तारापूर औद्योगिक क्षेत्रात रसायने, रंग, औषधी द्रव्ये, कापड, पोलाद इत्यादींचे कारखाने आहेत. अणुविद्युत् केंद्राप्रमाणे येथे एकच मोठी यंत्रणा नाही. लहान-मध्यम कारखाने व ठेकेदारांमार्फत येणारे कामगार पुष्कळ आहेत. रसायन कारखान्यातील एक नेहमीचे काम म्हणजे भुकटीची पोती उचलून पात्राच्या तोंडातून आत रिकामी करणे. किनाऱ्यावरील दमट उष्म्यात तोंडावरची मुसकी घामाने भिजते, श्वास कोंडतो व कामगार ती खाली ओढतो. प्रचलित व्यवस्थापन याला शिस्तभंग समजते व सूचनाफलक लावते. मानवकेंद्री पद्धती मुसकी का काढली, हे विचारते. तेव्हा उत्तर फलकात न सापडता चौथऱ्याची उंची, पोत्याचे वजन, धूळ तोंडाशीच शोषून घेणारा पंखा व विश्रांतीच्या पाळ्या यांत सापडते. हे बदल सुचविण्यास सर्वांत योग्य व्यक्ती पोते उचलणारी असते.

कायद्यात याची बीजे आढळतात. 1948 च्या कारखाने अधिनियमात उजेड, वायुवीजन, अतिरिक्त ओझे, तसेच उभ्याने काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसण्याची सोय यांविषयी तरतुदी करण्यात आल्या. भोपाळ दुर्घटनेनंतर (1984) झालेल्या 1987 च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार व व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आवश्यक ठरविली आणि निकट धोक्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना दिला. हा विषय पुढे संसदेने 2020 साली संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत समाविष्ट करण्यात आला. 1948 च्या अधिनियमानुसार सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावणे आवश्यक होते. बोईसरसारख्या ठिकाणी मात्र स्थानिक मराठी व आदिवासी कामगारांबरोबर परप्रांतीयही काम करतात; त्यामुळे अल्पसंख्य भाषकाला पिंपावरील इशारा समजतो की नाही, हा प्रश्न उरतोच. चित्रचिन्हे व रंगसंकेत हा एक उपाय आहे. परंतु त्यांचा अर्थही वापरणाऱ्यांकडून तपासून घ्यावा लागतो.

कार्यस्थळाची कक्षा फाटकापाशी संपत नाही. 16 एप्रिल 2013 रोजी उपनगरी रेल्वेसेवा विरारपासून डहाणू रोडपर्यंत वाढविण्यात आली, तेव्हा बोईसर व पालघर येथील कामगारांच्या प्रवासाचा प्रश्न काही अंशी हलका झाला. पाळी किती वाजता बदलावी, याचा निर्णय गाडीच्या वेळापत्रकाशी जोडून घेणे हेही अभिकल्पाचेच अंग होय.

मूल्यमापन : या पद्धतीवर एक आक्षेप असा की, ती वेळखाऊ असून लहान कारखान्यांना परवडत नाही. चौथरा खाली घेणे किंवा फलकाची भाषा बदलणे यांसारखे बदल अल्पखर्ची असल्याने हा आक्षेप अंशतःच ग्राह्य ठरतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कामगाराचे मत विचारले जाते, परंतु निर्णय आधीच झालेला असतो. शिवाय आज असलेला व उद्या नसणारा ठेक्यावरील कामगार नोकरी जाण्याच्या भीतीने अडचण सांगत नाही. ज्याचा धोका सर्वांत मोठा, त्याचा आवाज सर्वांत क्षीण, अशी ही विसंगती आहे. नमुने व परीक्षणे यांचे तंत्र ती दूर करू शकत नाही; त्यासाठी बोलणाऱ्यास संरक्षण व समितीत खरे स्थान मिळावे लागते. अशी हमी असेल, तेथे कामगाराने दाखविलेली उणीव तक्रार न ठरता सुधारणेची पहिली पायरी ठरते.