रंगभवन आणि १०० मीटर

मला आज नवा बँड फोनवर सापडतो. पूर्वी मुंबईत त्यासाठी धोबीतलावला, झेवियर्सजवळच्या उघड्या रंगभवनात जावं लागायचं. 'इंडिपेंडन्स रॉक' १९८६ला इथंच सुरू झालं. तेव्हा बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवायचे; 'रॉक मशीन'ने मात्र १९८८ला स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. १९९३ला तेच 'इंडस क्रीड' झाले.

मग २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले: रुग्णालय, कॉलेज, कोर्टापासून १०० मीटर शांतता. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही, रुग्णालयही! कार्यक्रम थांबले.

पेशंटला झोप हवीच, त्यात वाद नाही. पण नव्या पोरांनी वाजवायचं कुठे? २००७ला लोअर परळला 'ब्लू फ्रॉग' आला, २०१६ला तोही मिटला. फोन मला माझ्याच आवडीचं ऐकवतो. न आवडणारं ऐकता ऐकता आवडून जायला मैदानच लागतं, राव!