दादीची लाल भाकरी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिवंडीतल्या आमच्या कोकणी मुसलमान घरात भाकरी म्हटली की ती तांदळाची, पांढरीशुभ्र. पण दादी एका लाल भाकरीची गोष्ट नेहमी सांगायची. रेशनवर 'मिलो' मिळे, म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "गुरांचं खाणं आमच्या ताटात आलं," असं ती रागानं म्हणे. मग लगेच तोबा करून म्हणे, "पण बेटा, त्याच भाकरीनं तुझ्या अब्बांना जगवलं."

दादीला राजकारण कळत नव्हतं. तरी तिच्या या दोन वाक्यांत एका मोठ्या कालखंडाचा इतिहास आहे.

दुसरं महायुद्ध संपलं आणि अमेरिका व रशिया या दोन दोस्तांमध्ये वैर सुरू झालं. १२ मार्च १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ग्रीस आणि तुर्कस्तान यांना मदत मागितली ती साम्यवाद रोखण्यासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये मार्शल योजनेची कल्पना पुढे आली आणि पश्चिम युरोपात सुमारे १३०० कोटी डॉलर ओतले गेले. त्यामागचा हिशेब सरळ होता. उपाशी माणूस लाल बावट्याकडे वळतो, तर आधी त्याचं पोट भरा. १९४९ मध्ये चीन साम्यवादी झाला आणि हा हिशेब आशियालाही लागू झाला.

भारतानं मात्र कोणाच्याही गोटात जायचं नाकारलं होतं. त्याची किंमत लवकरच कळली. १९५१ साली आपण धान्य मागितलं, तेव्हा अमेरिकी काँग्रेसमध्ये महिनोन्‌महिने चर्चा रेंगाळली. नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावरही ताशेरे ओढले गेले. अखेर जूनमध्ये १९ कोटी डॉलर मिळाले, तेही कर्जाऊ.

१९५४ मध्ये अमेरिकेनं 'पब्लिक लॉ ४८०' केला. तिथल्या शेतकऱ्यांची कोठारं ओसंडून वाहत होती. ते धान्य खपवायचं आणि मित्रही जोडायचे, असा दुहेरी बेत होता. भारताशी पहिला करार १९५६ मध्ये झाला. सर्वांत मोठा करार झाला मे १९६० मध्ये, वॉशिंग्टनला. त्यावर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्यासोबत सही करणारे अन्नमंत्री होते आपल्या मुंबईचे स. का. पाटील. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ मिळणार होता, आणि पैसे रुपयांत द्यायचे होते. पाटील स्वतः कट्टर साम्यवादविरोधी. गंमत बघा, लाल बावट्याला अडवायला निघालेल्या धान्यात आमची लाल ज्वारीही होती!

मग १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन दुष्काळ. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दोर आखडता घेतला. दीर्घ मुदतीचा करार न करता थोडं थोडं धान्य सोडायचं, असं धोरण ठेवलं. भारतानं शेतीचं धोरण बदलावं हा त्यांचा आग्रह होता, आणि व्हिएतनामवरची आपली टीकाही त्यांना खुपत होती. १९६६ मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आलं. जहाज बंदरात लागलं की धान्य थेट लोकांच्या तोंडी, असे ते दिवस.

ही टोचणीच पुढे कामी आली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचं बियाणं आणलं आणि हरितक्रांतीला वेग आला. मदतीचं धान्य स्वस्त, म्हणून आपल्या शेतकऱ्याला भाव मिळत नाही, ही तक्रारही तेव्हा कानावर घ्यावी लागली. आणि देणारा एकटा अमेरिकाच नव्हता. १९७३ मध्ये रशियानंही आपल्याला २० लाख टन गहू उसना दिला. त्याचाही काही हिशेब असणारच.

धान्यापोटी साठलेल्या रुपयांचं काय झालं? १९७४ मध्ये अमेरिकी राजदूत मॉयनिहन यांनी त्यातला मोठा भाग, सुमारे १६६४ कोटी रुपयांचा धनादेश, भारत सरकारला परत दिला. माझ्यासारख्या कवीला आवडणारी एक गोष्ट म्हणजे याच रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन अमेरिकी ग्रंथालयांत पाठवली गेली. त्यात मराठीही होती. आम्ही त्यांची ज्वारी खाल्ली, त्यांनी आमच्या कविता नेल्या. सौदा अगदीच वाईट नव्हता म्हणायचा!

पण विनोद बाजूला ठेवू. त्या धान्यानं माणसं जगली हे खरं, आणि त्यासाठी देशाला मान खाली घालावी लागली हेही खरं. एक सत्य सांगताना दुसरं झाकलं, तर तो इतिहास राहत नाही, प्रचार होतो.

२०२२ साली भारतानं अफगाणिस्तानला गहू पाठवला. ट्रकांच्या रांगेचं चित्र वर्तमानपत्रात पाहिलं आणि मला दादी आठवली. आता देणारा हात आपला होता. तिकडेही एखादी दादी त्या गव्हाची रोटी भाजत असेल, आणि तिच्या नातवाला काहीतरी सांगत असेल. ती काय सांगेल, हे आपण दिलेल्या टनांवर ठरणार नाही. ते कसं दिलं, यावर ठरेल.