रक्तदाब-नियंत्रण : सातारा व सांगली

रोहिणीतून वाहणाऱ्या रक्ताचा तिच्या भित्तीवर पडणारा दाब म्हणजे रक्तदाब होय. हृदयाच्या आकुंचनाच्या वेळी तो १४० मिमी. पारा किंवा प्रसरणाच्या वेळी ९० मिमी. पारा या मर्यादेपर्यंत वा तिच्या वर वारंवार आढळल्यास सामान्यतः अतिरक्तदाब मानतात. बहुतेकांना तो जाणवत नाही. पक्षाघात, हृद्‌विकार वा वृक्कविकार उद्‌भवल्यावरच पुष्कळदा त्याचा उलगडा होतो.

रीव्हा-रोत्ची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये दंडाभोवती गुंडाळावयाच्या पट्ट्याचे उपकरण तयार केले. रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये स्टेथॉस्कोपने ध्वनी ऐकून दोन्ही दाब मोजण्याची रीत सांगितली. दाब मोजता येऊ लागला, तरी तो उतरविण्याची साधने तुटपुंजी होती. महात्मा गांधींचा रक्तदाब १९४० मध्ये २२०/११० नोंदला गेला होता. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर प्रकृती सुधारण्यासाठी ते जुलैत सातारा जिल्ह्यातील पाचगणीस राहिले. त्या मुक्कामाचे कारण रक्तदाब नव्हते. परंतु थंड हवा, विश्रांती व मिताहार याहून अधिक असे फारसे काही त्या काळी वैद्याच्याही हाती नव्हते. माण-खटाव वा जतच्या शेतकऱ्यास तेवढेही लाभणे कठीण होते.

हे चित्र पालटण्यात भारतातील सर्पगंधा या वनस्पतीचा वाटा मोठा आहे. तिच्या मुळीचा वेड व अतिरक्तदाब यांवरील उपयोग गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये वर्णिला. मुंबईचे हृद्‌रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांचा त्याविषयीचा निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांवरील चाचण्यांनी (१९६७ व १९७०) औषधोपचाराने पक्षाघातासारखे उपद्रव टळतात हे दाखवून दिले. त्या औषधांत रेसर्पीनही होते. खिन्नतेसारख्या दुष्परिणामांमुळे व अधिक सोयीची औषधे आल्यामुळे त्याचा वापर पुढे ओसरला.

औषध मिळाले, तरी रुग्ण सापडणे व तो उपचारात टिकणे हा प्रश्न राहिलाच. मिरजेस विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून होते. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. मात्र रुग्णालयाची वाट माणूस दुखणे जाणवल्यावर धरतो, आणि हा विकार तर दुखत नाही. म्हणून मोजमाप गावापर्यंत नेणे आवश्यक होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून आरंभी भंडारा, वर्धा व सिंधुदुर्ग यांच्यासह साताऱ्याची निवड झाली. त्यातील पद्धत साधी आहे : प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रौढांचा दाब मोजणे, ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन इ. मोजकी औषधे ठरलेल्या क्रमाने देणे, प्रत्येकाची नोंद ठेवणे आणि न येणाऱ्यास पुन्हा बोलाविणे. यांतील शेवटचे काम सर्वांत कठीण होय. साताऱ्याचे अनेक लोक माथाडी कामासाठी मुंबईत, तर खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले असतात. सांगलीच्या उसाच्या फडात बाहेरून आलेला मजूर हंगाम संपताच परततो. अशांची गोळी मध्येच तुटण्याचा संभव अधिक.

आहाराकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. खर्डा, लोणचे व पापड यांतील मीठ सहसा हिशेबात धरले जात नाही. मीठ कमी केल्याने दाब काहीसा उतरतो; तथापि वैद्याने चालू केलेली गोळी तेवढ्यावरून आपणहून सोडणे धोक्याचे असते, कारण ती बंद होताच दाब बहुधा पूर्ववत चढतो.